जिवंत असल्याचा दाखला

विमा कंपनीची तक्रार सरळ होती. गेल्या भाद्रपदात बुडालेल्या बाबली नावाच्या खलाशाचं प्रेत आपण स्वतः तपासलं, असा दाखला वेंगुर्ल्याच्या डॉक्टर सदानंदांनी दिला होता. गावात विचारावं तर जो तो सांगे, प्रेत समुद्राने दिलंच नाही, दर्भाचा पुतळा करून जाळला. दोन्ही खरं कसं असेल? वैद्यक परिषदेने चौकशीला ओरोसच्या डॉक्टर गुरुदासांना पाठवलं. माणूस सरळ, पण सरळपणाचा तोरा मिरवणारा. खोट्या दाखल्यावर आपली सही कधी पडली नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवत. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात ते सकाळच्या एसटीने वेंगुर्ल्यात उतरले, तेव्हा दुपारी जेवायला घरी परतायचा त्यांचा बेत होता.

सदानंदांनी आढेवेढे घेतलेच नाहीत. दवाखान्याचं दार आतून लोटून ते म्हणाले, "दाखला खोटा आहे, साहेब. विम्यात माझा वाटा होता. माझी नोंदणी रद्द करा, पुन्हा कधी नाडी धरू देऊ नका. फक्त बाबली जिवंत आहे, एवढं लिहा."

चोरानेच बेड्या मागाव्यात, हे गुरुदासांना नवीन होतं. "माणूस तपासल्याशिवाय मी काही लिहीत नसतो," ते म्हणाले.

"तपासा ना. पण... आधी लिहिलंत तर बरं होईल."

गुरुदास त्यावर हसले. पुढे ते हसणं त्यांना फार लागलं.

बाबली गावाबाहेर, काजूच्या बागेतल्या खोपीत लपला होता. झाडांखाली बोंडांचा सडा कुजत होता आणि त्याचा आंबूस वास घशाशी येत होता. वारा पडलेला. फांदीवरून हुमले अंगावर पडत होते आणि ते लाल मुंगळे चावले की दोघेही डॉक्टर मानेवर थापट्या मारत होते. खोपीच्या दाराशी बाबली उघड्या अंगाने बसला होता. हुमले त्याच्या खांद्यावरून, गळ्यावरून चालत होते. एकही चावत नव्हता. तोही त्यांना झटकत नव्हता.

"इलात? बसा," तो म्हणाला.

गुरुदासांनी त्याचं मनगट धरलं. बोट सरकवून पाहिलं, गळ्याची शीर दाबून पाहिली. मग छातीला नळी लावली आणि डोळे मिटून ऐकलं. आत काहीच नव्हतं. नळी बिघडली असेल म्हणून त्यांनी ती स्वतःच्या छातीला लावली, तर तिथे धडधड कानठळ्या बसवत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना रोग्याची भीती वाटली.

"कधीपासून?" त्यांनी कसंबसं विचारलं.

बाबलीचा आवाज खाली गेला. "माझ्या दहाव्याक. लोकांका संशय येव नये म्हणान घरच्यांनी पिंड मांडलो. कावळो शिवूचो नाय, अशी माका खात्री होती. मी जितो मा! हय झाडाआड बसान बघी होतंय... तो इलो आणि शिवलो. तेव्हा छातीत कायतरी थांबला. त्या दिवसापास्ना भूक नाय, तान नाय." त्याने गुरुदासांचा हात धरला. "ह्यांनी मेलो म्हणान लिवल्यानी, तसा झाला. तुमी जितो म्हणान लिवा, डॉक्टरांनू. बायलेक दिवस गेलेत. लोक तिका रांडमुंड समाजतत. पोराक बापूस नको?"

गुरुदासांनी पेन उघडलं. ज्याला नाडी नाही त्याला जिवंत कसं लिहायचं? तोच तर सदानंदांचा गुन्हा होता, फक्त उलट्या बाजूने. आणि न लिहावं, तर सदानंद निर्दोष, दाखला खरा, आणि हा समोर बसलेला माणूस कायमचा मेलेला. सही करायची की नाही, ते त्यांना कळेना. मोठी लाज वाटली त्यांना स्वतःची.

इतक्यात विहिरीवरून सुशीला आली. बाबलीची बायको. कळशी उतरवून तिने पदराने घाम पुसला. सातवा महिना असावा. "लिवलात?" तिने हसून विचारलं. नवऱ्याच्या छातीचं तिला ठाऊक नव्हतं. तो जेवत नाही ते काळजीने, असं ती समजत होती.

बाबलीने नजरेनेच विनवलं. गुरुदासांच्या मनात एकदम आशा आली. दहावा भाद्रपदातला आणि हा सातवा महिना, म्हणजे पोट राहिलं ते दहाव्यानंतर. मेलेल्याला का मूल होतं? त्या मुलाचे ठोके ऐकू आले की डोळे मिटून सही करायची. मग बाबलीपुरती नळी खोटी, कावळा खोटा.

"आडवी हो, बाय. बाळाचं बघतो आधी," ते म्हणाले.

सुशीला चटईवर टेकली. त्यांनी नळी पोटाला लावली, डावीकडे, उजवीकडे, बेंबीखाली. शेकडो बाळंतपणं केलेला माणूस तो. पोटात मूल गेलेलं असतं तेव्हाची शांतता त्यांना अनोळखी नव्हती. तीच ही. बराच वेळ त्यांनी ऐकलं. मग नळी कानातून काढली आणि आता हिला कसं सांगावं, या विचाराने धीर द्यायला म्हणून तिच्या पोटावर हात ठेवला.

आतून लाथ बसली. पाठोपाठ दुसरी, अधिक जोराची.

"लागली मा?" सुशीला खुदकन हसली. "दिवसभर असोच नाचता. रातीक तर माका निजाकच देणा नाय."