दोन सेकंद आगाऊ

आरशाचे कॅमेरे संग्रहालयात जाऊन जमाना लोटला होता, तरी बापू होनराव हातातल्या बिनआरशाच्या कॅमेऱ्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसे बघत होते. कौतुकानं, पण जरा संशयानंच. सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर त्यांच्या शेजारी डॉ. चारुलता उंडे बसली होती. कॅमेरा तिच्याच प्रयोगशाळेतला.

"भिंगाचं छिद्र आठवर, फोकस दहा फुटांवर बांधून टाकला, आवाज बंद," बापू पुटपुटले. "रस्त्यावर बटणं फिरवत बसलं की माणूस निघून जातो. पण चारू, आता बोटच दगा देतंय गं! डोळ्याला दिसतं आणि दाबेपर्यंत क्षण पसार. वर्षभरात एक धड फोटो नाही. यंदा प्रदर्शन झालं नाही, तर माझं दुकान बंद झालं म्हणायचं."

"म्हणून तर कॅमेऱ्यात ही नवी चकती बसवलीय, काका. डोळा लावायच्या या खिडकीत तुम्हाला खरा रस्ता दिसतच नाही, आतल्या यंत्रानं काढलेलं रस्त्याचं चित्र दिसतं. ते उमटायला किंचित उशीर व्हायचा. तो भरून काढायला आम्ही यंत्राला माणसांची चाल, वजन, तोल बघून पुढचं ताडायला शिकवलं. आता ते दोन सेकंद पुढचं दाखवतं. पूर्वदृश्य म्हणतो आम्ही त्याला. तुम्ही चित्र बघून दाबा; खरा क्षण आला की कॅमेरा आपणहून टिपेल."

बापूंनी डोळा लावला. चहावाला किटली उचलून चहा ओतत होता. त्यांनी डोळा काढून पाहिलं, तर किटली अजून शेगडीवरच. मग त्यानं ती उचलली.

"आयला, हे तर भूतच आहे!" बापू पोरासारखे हसले.

समोर गंगाक्का गजरे विकायची. तीस वर्षं बापूंचा सकाळचा चहा तिच्याबरोबर व्हायचा. ऊन चढलं तशी ओच्यात फुलं तशीच ठेवून ती स्टुलावर चढली आणि ताडपत्री बांधू लागली. बापूंनी कॅमेरा तिकडे वळवला. खिडकीत स्टुलाचा पाय मोडला होता. अक्का हवेत तिरपी, ओच्यातला मोगरा उन्हात उधळलेला. असा क्षण जन्मात एखादाच!

बोटानं बटण दाबलं.

बापूंनी डोळा काढला. अक्का अजून स्टुलावर धड उभी होती, गाठ मारत होती. चार पावलांवर. चौकटीतल्या माणसाला हाक मारायची नाही, हे बापूंनी जन्मभर शिष्यांना बजावलं होतं. ते गप्प राहिले. मग स्टूल गेलं.

उजवं मनगट मोडलं. गजरे ओवायचा हातच तो. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बोटं पूर्वीसारखी चालतील असं नाही.

दुसऱ्या दिवशी बापूंनी दवाखान्यात तिला फोटो दाखवला. अक्कानं तो डाव्या हातानं जवळ ओढला.

"लई झ्याक आलाय रे. लाव प्रदर्शनात. आणि तोंड पाडून बसू नकोस. तू तरी काय करणार? पापणी लवेस्तवर झालं सगळं."

बापूंना ते सोसवेना. "अक्का, मला आधीच दिसलं होतं."

कॅमेरा कसा चालतो ते त्यांनी सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मग हाक का नाही मारलीस, बापू?"

उत्तर त्यांना पक्कं ठाऊक होतं. फोटो चांगला येत होता.