मढ्यानं हसायचं असतं

"नुसतं पडून राहायला काय अक्कल लागते गं? मढं तर कुणीपण होतं!"

उन्मेष असा तणतणला, तशी कीर्तनाही उसळली. "मग तूच हो ना! पापणी हलली की शिव्या बसतात. अय्यो, बोलायला मात्र पुढं!"

कोवलमच्या भाड्याच्या बंगल्यात सिरियलचं शूटिंग चाललं होतं. तो शाळा सोडून गर्दीत उभं राहायची कामं करणारा, ती सिरियलमधली धाकटी सून. आज सून मरणार, म्हणजे कीर्तनाचा शेवटचा दिवस. आत्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं; तिच्या वडलांनी, आप्पांनी, ॲक्टिंग बंद केलेली. मनातलं सांगायला उन्मेषकडे आजचाच दिवस होता... आणि सकाळपासून पठ्ठ्या नुसता भांडत होता.

तिला अंगणात निजवलं. हनुवटीला पांढरी पट्टी, कपाळावर नाणं, गळ्यात हार. उन्मेष रडणाऱ्यांत. समुद्राच्या वाऱ्यानं बट गालावर आली, तरी ती हलली नाही. श्वासही दिसेना. तो हमसून हमसून रडायला लागला. नाक वाहतंय, खांदे गदगदतायत...

"कट! तो मागचा पोरगा — किती ओव्हरॲक्टिंग!"

सगळे फिदीफिदी हसले. त्याला बाजूला काढलं, आणि शॉट लगेच ओके झाला.

मढ्याचं काम केलं की उठून कॅमेऱ्याकडं बघून हसायचं, नाहीतर अपशकुन, अशी तिथली रीत. कीर्तना उठली, पट्टी सोडली आणि हसली — इतकं गोड, की लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग ती गेटपाशी त्याच्याजवळ आली.

"खरंच रडलास ना रे?"

"हॅ! ॲक्टिंग होती."

"सरी, बरं बाबा." ती हाराची पाकळी चुरगाळत राहिली. "आणि मी हसले ते?"

"खरं वाटलं."

"वाटलं ना?" तिचे डोळे भरले. "आप्पा गाडी घेऊन आलेत. तुला काही म्हणायचं असेल तर... मी बोलते त्यांच्याशी."

त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मुलगा कसाय?"

"चांगला आहे रे. तेच तर. नाही म्हणायला कारणच नाही."

उन्मेषनं स्वतःच्या झिजलेल्या चपलांकडं बघितलं. मग मान वर करून मस्त हसला.

"झकास! लग्नात दोनदा जेवणार बघ मी."

ती बघतच राहिली त्याच्याकडं. "येतं रे तुलापण मढ्याचं काम," एवढंच पुटपुटली.

"मला निघायला पाहिजे आता," तो म्हणाला.