नऊ नंबरची चार मिनिटं

आमच्या कारखान्यात कुलपं तयार होतात आणि कोणतं कुलूप कितीला पडतं, ते मी सांगतो. म्हणजे सांगतं सॉफ्टवेअर, पण त्याला कोण सांगतं? पितळ किती ग्रॅम, स्प्रिंगा किती, कोणत्या टेबलावर किती मिनिटं, त्या टेबलाचा मिनिटाचा दर काय, हे सगळं मी भरतो आणि 'खर्च काढा' दाबतो. महिनाअखेरीला काढलेला खर्च आणि झालेला खर्च यांतला फरक बघतात. तीन वर्षं माझा फरक शून्य आहे. दर महिन्याचं शून्य छापून मी टेबलाच्या काचेखाली लावतो. लोक तिथे मुलांचे फोटो ठेवतात. मला मुलं नाहीत, छत्तीस शून्यं आहेत.

मार्चमध्ये एका नव्या कुलपाची मागणी आली. दिलेल्या किमतीत बसलं तर बारा हजार नग; नाही बसलं तर जुळणी विभाग बंद. त्या विभागात चार नंबरच्या टेबलावर माझी ताई बसते. मॅनेजरसाहेब मला हे सांगत होते, तेव्हा ती मागेच उभी होती.

"म्हणजे माझी नोकरी ह्याच्या हातात?" ती म्हणाली. "साहेब, ह्याला अजून शर्टाची बटणं धड लावता येत नाहीत."

मी खाली पाहिलं. एक चुकलं होतं.

खर्च काढला. तीन रुपयांनी जास्त. कामांची यादी वरपासून तपासली, तर अगदी शेवटी एक ओळ: 'हाताने तपासणी, टेबल ९, चार मिनिटं.' ती मी भरली नव्हती. आणि जुळणी विभागात टेबलं आठच आहेत.

ओळ पुसली. खर्च किमतीत बसला. नमुन्याची साठ कुलपं झाली, आणि ताईने आपल्या कपाटाच्या किल्लीने साठच्या साठ उघडून दाखवली.

"तपासली नाहीत?" मी विचारलं.

"तुझ्या यादीत तपासणी कुठे होती?"

जागेवर परत आलो. ओळ स्क्रीनवर होती.

मग मी खाली जाऊन नीट बघून आलो. आठव्या टेबलापुढे, खिडकीशी, एका टेबलाएवढी जागा मोकळी आहे. तिथे फरशीवर चार खळगे आहेत, स्टुलाच्या पायांचे असतात तसे. भिंत कोपराच्या उंचीवर तेलकट, गुळगुळीत झालेली. मालाच्या ढकलगाड्या त्या जागेला वळसा घालून जात होत्या. सरळ गेल्या असत्या तर दहा पावलं वाचली असती. ती दहा पावलं माझ्या हिशेबात आहेत. कारण मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

"काका, इथे कोण बसायचं?"

फोरमनकाकांनी चष्मा पुसला. "कोणी नाही."

"मग खळगे?"

"तुझ्या आधीचा कॉस्टिंगवाला पण असाच हुशार होता," ते म्हणाले. "त्याचाही फरक शून्य असायचा."

"तो कुठे गेला?"

"जातो कुठे," काका म्हणाले, आणि गाडीला वळसा घालायला जागा करून देऊ लागले.

त्या दिवशी मी जे केलं, त्याचा मला आजही अभिमान आहे. ओळ पुसायची नाही. चार मिनिटं तशीच ठेवायची आणि टेबल नऊचा दर शून्य करायचा. काम आहे, खर्च नाही. सॉफ्टवेअरने एकच अट घातली: काम कोणाच्या तरी नावावर हवं. मी माझा हजेरीचा नंबर टाकला. खर्च किमतीत चोख बसला.

साठ कुलपं नव्याने जुळवली. मी दुपारी एकला खुर्चीत बसून पेन उघडलं. टोपण टेबलावर ठेवलं तेव्हा पाच वाजले होते.

बोटांना पितळाचा वास येत होता. नखांत काळं तेल.

ताई जिन्यात भेटली. "कुलपं झकास झालीयेत. पण एवढा कसला रे भाव खातोस? खिडकीशी बसला होतास ना? दोनदा हाक मारली. वर न बघता चार बोटं दाखवलीस."

साठ नग, प्रत्येकी चार मिनिटं. दोनशे चाळीस. बरोबर चार तास.

प्रत्येक कुलपाखाली तपासणीची छोटी खूण होती. माझ्याच हातची, शेपूट जरा लांब. एकही कुलूप परक्या किल्लीने उघडलं नाही. माणसाला आपलं काम आठवत नसलं, तरी ते चांगलं झालेलं कळतं.

बारा हजार नगांचा हिशेब मी कागदावर केला. अठ्ठेचाळीस हजार मिनिटं. आठ तासांच्या बरोबर शंभर पाळ्या. वर मिनिटही उरत नाही. टेबल नऊला खरा दर लावला की तीन रुपये परत वर जाणार आणि ताईचं टेबल उचललं जाणार.

ताईने त्या दिवशी नव्या चपला घातल्या होत्या. "नोकरी टिकली ना," म्हणाली, "म्हणून घेतल्या."

मी शून्य दरावर सही केली.

सोमवारी नऊला काम सुरू झालं. ताईने माझ्यापुढे चहा ठेवला. "पहिलं कुलूप मी जुळवते," म्हणाली आणि गेली. मी एक घोट घेतला.

दुसरा घोट घ्यायला गेलो. कपात चहा वाळून तळाला चिकटला होता.

काचेखाली चार नवी शून्यं होती.

संध्याकाळी घरी गेलो. ताईच्या चपलांचे अंगठे झिजले होते. आईने ताटं घेतली होती, दोनच. तिसरं काढायला ती उठली.

"साहेब खूश आहेत," मी म्हणालो. "पुढची ऑर्डरही आपल्यालाच आहे."

"किती वाढू?" आईने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत माझी चार बोटं वर आली होती.