बिनचूक जुलै

रांगेत पुढे उभ्या असलेल्या उंच मुलाने बेकरीतले शेवटचे दोन कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, उचलले, आणि कोरिनच्या पोटात तर कावळे ओरडत होते.

"त्यातला एक मला द्याल?" तिने विचारलं.

तो वळला. "दोन्ही घ्या. माझी भूक कालच मेली. आमच्या मैदानावर वर काचेमागे एक म्हातारा बसतो ना… त्याच्यामुळे."

"कोण म्हातारा?"

"स्कोअरर. त्याला दिसत नाही. मी धावत गेलो, दुसरा कुणी तिथे पोचलाही नसता. चेंडू ग्लोव्हमधून जरासा निसटला, तर लावली माझ्या नावावर चूक. तो हिट होता हो, स्वच्छ हिट."

कोरिनने एक घास घेतला, सावकाश चावला. "तुम्ही आधी उलट्या बाजूला निघालात, म्हणून धावावं लागलं. चेंडू जवळजवळ पायाशीच येत होता."

"तुम्ही होतात सामन्याला?"

"असावंच लागतं. तो म्हातारा मीच."

विल्किन मातेओ कानापर्यंत लाल झाला. मग एकदम हसला. त्या हसण्यानेच पुढचा सगळा घोटाळा झाला, असं कोरिन नंतर म्हणायची.

शाळेत बीजगणित शिकवणारी कोरिन व्हासेक गावच्या बेसबॉल संघाच्या सामन्यांना वरच्या खोलीत बसायची. चेंडू सुटला की तो मारणाऱ्याचा हिट की पकडणाऱ्याची चूक, हे ती ठरवायची, आणि तिचा शब्द शेवटचा. विल्किन डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बानीचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली शॉर्टस्टॉपची जागा त्याची. आयोवाच्या मक्याच्या शेतांमधला हा संघ म्हणजे मोठ्या संघांकडे नेणाऱ्या शिडीची खालची पायरी. इथला प्रत्येक पोरगा वर बघत झोपायचा. एप्रिलमध्ये विल्किनचे पाय चपळ होते आणि डोकं त्याहून चपळ, त्यामुळे चेंडू हातात यायच्या आधीच तो फेकून मोकळा व्हायचा. पहिल्या बेसमागचे प्रेक्षक तर डोकं सांभाळूनच बसायचे.

सोमवारी सामने नसतात. सोमवारी बेकरी, हे न ठरवता ठरलं.

"शनिवारची चूक काढून टाक ना," तो म्हणायचा.

"टाकते की. चेंडू पहिल्या बेसवर पोचल्याचं दाखव, मग टाकते."

"दगडाचं काळीज आहे तुझं."

"काळीज सोमवारचं. बाकीचे दिवस डोळे."

पण तो बदलत होता. सामन्याच्या कितीतरी आधी, रिकाम्या मैदानावर, भर उन्हात तो जमिनीवरून येणारे चेंडू उचलत राही, आणि कोरिन काही काम नसताना लवकर येऊन काचेमागे बसे. मे महिन्यात त्याचे पाय थांबायला शिकले. जूनमध्ये हात. बरोबरची पोरंही सुधारत होती. भिंतीवर चेंडू फेकणारा लांबोडका पिचर आता चक्क फलंदाजासमोर फेकायला लागला. पण कोरिनची नजर कुठे असायची, ते शेजारी ध्वनिक्षेपकावर बसणाऱ्या एर्नीकाकांना बरोबर ठाऊक होतं.

"पोरी, सामना उजवीकडे पण चाललाय," ते म्हणायचे.

जुलैच्या मध्यावर सामना ऐन रंगात असताना पाऊस कोसळला. मैदानावर ताडपत्री ओढली गेली आणि कॉफी घ्यायला खाली आलेली कोरिन जिन्याखाली त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या टोपीवरून पाणी ठिबकत होतं.

"कोच म्हणाले," तो हळूच म्हणाला, "जुलै बिनचूक काढ, मी स्वतः वरच्या संघाला फोन करतो. मी विचारलं, चूक कोण ठरवणार? म्हणाले… वरची मुलगी."

"मला कशाला सांगितलंस हे?"

"आधी कुणाला सांगावं असा विचार केला, तर तूच आठवलीस."

"मी सूट देणार नाही हं."

"मागितली कुणी?" त्याने तिच्या गालावरचा पावसाचा थेंब बोटाने टिपला… आणि बोट क्षणभर तिथेच राहिलं.

रविवारी, महिन्याच्या शेवटच्या दुपारपर्यंत, विल्किनच्या नावावर जुलैतली एकही चूक नव्हती. शेवटच्या डावात एक फटका सणसणत त्याच्या उजवीकडून निघाला. तो आडवा झेपावला. चेंडू ग्लोव्हच्या टोकाला लागला, आणि निसटला.

"हिट की चूक?" एर्नीकाकांनी विचारलं.

कोरिनने पेन्सिल कागदावर टेकवली. एक शब्द… 'चूक' म्हटलं की तो इथेच राहणार. सोमवार राहणार, बेकरी राहणार. कुणाला संशयही येणार नाही, कारण तिने त्याला कधी सोडलं नव्हतंच. तिला तो हवा होता. खाली विल्किन गुडघ्यावर बसून, निर्णय अजून न उमटलेल्या धावफलकाकडे बघत होता.

"पोरी?"

"हिट," ती म्हणाली. "त्या चेंडूपर्यंत कुणाचाच हात पोचला नसता."

सामना संपल्यावर तो जिने चढून वर आला, खांद्यावर बॅग घेऊनच. एर्नीकाकांना अचानक खाली काहीतरी काम आठवलं.

"फोन झाला," तो म्हणाला. "मंगळवारी वरच्या संघात हजर व्हायचंय. पण तुला इतका वेळ का लागला? एरवी तू डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतेस."

"चूक लावणार होते," कोरिन सरळ म्हणाली. "तू जाऊ नयेस म्हणून."

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"पण तू चुकला नव्हतास. आणि खोटं लिहून ठेवलेला तू मला नको होतास. प्रेम आहे माझं तुझ्यावर, विल्किन. आता जा म्हटलंस तरी चालेल."

"जा म्हणू? मी जुलैभर त्या चेंडूंच्या मागे धावलो ते बढतीसाठी, कबूल. पण प्रत्येक चेंडू उचलल्यावर मान वर व्हायची ती कशासाठी, वाटलं तुला?" त्याने तिचे दोन्ही हात धरले. "माझंही आहे. एप्रिलपासून. उद्या सकाळचं विमान आहे आणि मला…"

"विमान राहू दे. उद्या सोमवार आहे. मी गाडीने सोडते."

"आठ तास लागतात."

"माहितेय. नकाशा मे महिन्यातच बघून ठेवलाय."

"मे महिन्यात? तेव्हा तर मला धड फेकताही येत नव्हतं."

"तू जाणार हे मला तेव्हाच दिसलं होतं," कोरिन म्हणाली, आणि टाचा उंचावून तिने त्याला गप्प केलं.