तेलाची तांबडी बत्ती

कुंभवलीच्या वळणावर गाडीच्या डॅशबोर्डवरची तेलाची तांबडी बत्ती पुन्हा पेटली, आणि खंडेरावचा पाय ब्रेककडं गेला.

"थांबव!" मागच्या सीटवरून सावेसाहेब ओरडले. "इंजिन बंद कर आधी!"

खंडेरावनं गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल काठोकाठ. पुन्हा गाडी चालू केली, तर बत्ती गुल! जशी कधी पेटलीच नव्हती. आता बोला!

दिनानाथ सावे म्हणजे तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथल्या एका ठेकेदाराच्या गाड्यांचे साहेब. साल सदुसष्ट. मुंबईहून येणाऱ्या इंजिनियर मंडळींना बोईसर स्टेशनातून साइटवर आणायला ठेकेदारानं ही पांढरी अ‍ॅम्बॅसडर ठेवली होती. तिला ड्रायव्हर दोघं. एक दिवस खंडेराव, एक दिवस त्याचा मेव्हणा रामनाथ. दिवाळीनंतर मात्र दोघांतला एकच कायम होणार होता. कायम म्हणजे राहायला खोली आली, दारात नळ आला. त्या खोलीच्या आशेवर खंडेरावची बायको इंदुबाई तान्ह्या लेकीला घेऊन अकोल्याकडं माहेरी दिवस काढत होती.

"मला एक सांग," सावेसाहेब म्हणाले. "रामनाथ चालवतो तेव्हा ही बत्ती पेटते?"

"नाही साहेब."

"तू चालवतोस तेव्हाच पेटते. दसऱ्यापासून हेच चाललंय. का?"

"ठाऊक नाही साहेब."

"मला ठाऊक आहे. चांगलं तेल काढून विकतोस आणि जळकं भरून ठेवतोस. मी बोललो की गुपचूप बदलतोस."

खंडेरावच्या कानशिलात कुणी लगावली असती तरी इतकं लागलं नसतं. पोटाला चिमटा काढून जगलेला माणूस तो, पण दुसऱ्याच्या सुतळीच्या तोड्यालाही त्यानं कधी हात लावला नव्हता.

"शनिवारपर्यंत कारण शोधून दाखव," साहेब म्हणाले. "नाहीतर किल्ली रामनाथकडे, आणि तू पोलीस चौकीत."

गाड्यांच्या आवारात साहेबांनी हेच चारचौघांत पुन्हा सुनावलं, तसा रामनाथ धावत पुढं आला. सगळ्यांदेखत साहेबांपुढं हात जोडून म्हणाला, "साहेब, खंडेराव तसला माणूस नाय. मी जामीन ऱ्हातो. गाडीला दिष्ट लागलीय, दुसरं काय नाय."

खंडेरावला भरून आलं. रामनाथ म्हणजे त्याच्या एकुलत्या एक बहिणीचा, शालूचा नवरा. आईबाप गेल्यावर शालूला त्यानंच वाढवलं, लग्न लावून दिलं. जावई नुसता बसून खातो म्हटल्यावर त्याला बोईसरला आणून गाडी शिकवली ती खंडेरावनंच, आणि ह्या कामावर चिकटवलंही त्यानंच. उपकाराची फेड आपला दाजी करतोय, असं त्याला वाटलं. भोळा होता बिचारा!

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गाडी पालघरला झुंबरमिस्त्रीच्या गॅरेजात घेऊन गेले. झुंबर तोंडानं फटकळ, पण कामाला चोख.

त्यानं बॉनेट उचललं आणि हात मागं घेतला. इंजिनाच्या अंगाला लिंबू-मिरची लटकत होती. दसऱ्याच्या पूजेला रामनाथनं ती बंपरला बांधली, तर साहेब खेकसले होते की हे बाजारासारखं दिसतं. तेव्हापासून ती बॉनेटच्या आत. दर शनिवारी रामनाथ न चुकता नवी बांधी. रोज गाडीची किल्ली देताघेताना तो बॉनेट उघडून तिला हात जोडी, जरा सारखी करी, आणि मगच बाजूला होई.

"हे आधी काढा," झुंबर म्हणाला. "उतारा, दिष्ट, असल्या गोष्टीला मी हात लावत नाय. घरात पोरंबाळं हायेत."

"मी काढतो की," म्हणत रामनाथ पुढं झाला. अलगद काढून त्यानं ती रुमालावर ठेवली.

झुंबरनं तेलाच्या दाबाचं बटण खोललं आणि त्या जागी आपलं दाब मोजायचं घड्याळ बसवलं. गार इंजिन, गरम इंजिन, सगळं करून पाहिलं. काटा बरोबर दाबावर, जागचा हलेना.

"इंजिन ठणठणीत हाय," तो म्हणाला.

"मग बत्ती का पेटते?"

"बत्तीला काय अक्कल असती का? दाब उतरला की हे बटण आतल्या आत तिची तार इंजिनाच्या लोखंडाला जोडतं, की बत्ती पेटली. लबाडी केली असंल तर ती बटणानं, नायतर तारंनं. बटण नवं टाकतो."

"आणि तेल? जळकं आहे का?"

"आज तर झकास हाय. काल काय होतं ते मी कसं सांगू?"

खंडेरावनं बत्तीपासून इंजिनापर्यंत सगळी तार बोटानं चाचपली. कुठं सोललेली नाही, कुठं तुटलेली नाही. नवं बटण बसलं, रामनाथनं लिंबू-मिरची पुन्हा जागेवर लावली.

आणि गुरुवारी खंडेरावच्या पाळीला, नवापूरच्या खडबडीत रस्त्यावर, बत्ती पुन्हा पेटली!

आता मात्र तो चिडला. देव, दैव, साहेब, सगळ्यांवर चिडला. आणि चिडल्यावर त्याचं डोकं चालायला लागलं. दाब बरोबर, बटण नवं, तार धड. मग आपण बघितलं नाही असं राहिलं काय?

शुक्रवारी सकाळी स्टेशनाबाहेर तानी भाजीवाली लिंबं ओवत बसली होती. खंडेराव सहज थांबला.

"तानीबाय, आजच ओवतेस?"

"उद्या शनवार नाय का? आज ओवली म्हंजे उद्या घाई नाय."

"आमच्या दाजींना तूच देतेस ना?"

"तो उंच डायवर? त्याला ओवलेली नको. सुटीच लिंबा नि मिरच्या नेते तो. घरात ओवणारी असंल."

खंडेराव हसला. पण हसताना त्याची नजर तिच्या सुईवर गेली.

"तू काळ्या दोऱ्यात ओवतेस?"

"मंग काय तारेत ओवू? तारेत लिंबू काला पडते."

खंडेराव तिथल्या तिथं उभा राहिला. गाडीतल्या त्या लिंबाच्या भोकाभोवती काळं कडं त्यानं रोज पाहिलं होतं. वाटलं होतं, दृष्ट ओढून घेतंय.

सगळ्या इंजिनात तेवढ्या एका वस्तूला कुणी हात लावला नव्हता. मिस्त्रीनं नाही, त्यानं नाही. लावणारही नव्हतं कुणी. ज्यानं बांधली, त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

आज रामनाथची पाळी. त्यानं गाडी आवारात लावली होती. खंडेरावनं गुपचूप बॉनेट उचललं. लिंबू-मिरची वरच्या रबरी नळीला लटकत होती. त्यानं हात पुढं केला, पण थबकला. आईची शिकवण होती, दुसऱ्याची बला अंगावर घेऊ नये. "बला तर बला," असं पुटपुटत त्यानं मिरच्या बाजूला सारल्या. आत दोरा नव्हताच. उघडी तांब्याची तार होती, वर आकडा, खाली नागडं टोक.

त्यानं बॉनेट पुन्हा मिटलं आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी रामनाथनं नेहमीसारखे हात जोडले, लिंबू सारखं केलं, किल्ली दिली. खंडेरावनं ती हसतमुखानं घेतली. कसा हसला, त्याचं त्यालाच ठाऊक.

शनिवारी सकाळी सावेसाहेब, रामनाथ आणि सगळे ड्रायव्हर आवारात जमले. खंडेरावनं इंजिन चालू करून बॉनेट उघडलं.

"साहेब, तुम्ही आत बसून बत्तीवर नजर ठेवा. दाजी, ही लिंबू-मिरची कुठं लटकलीय?"

"हितं... बटणापाशी."

"काल दिवसभर तुमच्या पाळीला रबरी नळीवर होती. मी पाहिलीय. आज बटणावर कशी आली?"

रामनाथनं ओठांवरून जीभ फिरवली. "घसरली असंल."

"आकडा बटणाच्या स्क्रूत अडकून बसेल, अशी घसरली?" खंडेरावनं लिंबाला बोटानं झोका दिला. तारेचं टोक इंजिनाला लागलं.

"पेटली!" आतून साहेब ओरडले. "गेली. पुन्हा पेटली!"

"हेच कोडं, साहेब. इंजिन निर्मळ, तेल निर्मळ. खड्डा आला की लिंबू झुलतं, टोक लोखंडाला टेकतं, आणि बटणाचं काम ही तारच करते. माझ्या पाळीला आकडा बटणावर, ह्यांच्या पाळीला रबरावर. बदलायचं कधी? किल्ली देताघेताना, नमस्काराच्या निमित्तानं. गॅरेजात मिस्त्री हात लावत नाही म्हटल्यावर ह्यांनीच ती उतरवली, ह्यांनीच चढवली. आणि मी चोर ठरेपर्यंत माझे जामीनही हेच राहिले!" तो रामनाथकडं वळला. "दाजी, गियर टाकायला मी शिकवलं हो तुम्हाला!"

रामनाथनं मान खाली घातली आणि स्वतःच आकडा सोडवून काढला.

साहेबांनी त्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. खंडेरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी बोललो ते मागं घेतो. खोली तुझी. बायकोला घेऊन ये."

पण खंडेरावच्या जिवाला एकच घोर लागला होता. शालूला हे सांगायचं कुणी? लोकांच्या तोंडून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून साहेबांना विचारून तो गाडी घेऊन सरळ कुंभवलीला तिच्या घरी निघाला. रामनाथ अजून आवारातच होता.

शालू दारात तांदूळ निवडत होती. भावाला पाहून उठली.

"शालू," तो म्हणाला, "दाजींचं काम गेलं बघ."

तिचा चेहरा उतरला. "तार घावली व्हय तुला?"

खंडेरावनं तारेचं नावही काढलं नव्हतं.

तो उंबऱ्यावर बसला. "तू ओवत होतीस?"

शालूनं सूप खाली ठेवलं. "तुला कुठंबी काम मिळालं असतं दादा, तुझा हात चांगला हाय. ह्यांना कोन ठिवनार? मला माझा संसार बघाया नको?"

"साहेबांनी मला चोर म्हटलं, शालू. चार लोकांत."

"म्हटलं तर म्हटलं," ती म्हणाली. "तू चोर नाय, हे आमाला ठावं व्हतं की."

खंडेराव उंबऱ्यावरून उठला.

"मला खोली मिळालीय," तो म्हणाला. "इंदूला आणि पोरीला आणतोय. तू मात्र आमच्या दारात येऊ नको."

"दादा!" शालू मागून ओरडली. त्यानं गाडी चालू केली आणि बोईसरची वाट धरली.