दारातला फोटो

"पोरीला दमा लागला तो तुझ्यामुळे! समजलं? तुझ्या या अजागळ हातांमुळे!"

अक्काच्या तोंडून शब्द निघून गेले. निमित्त काय, तर दूध उतू गेलं होतं... भावजय हातात फडकं घेऊन तशीच उभी राहिली. कोपऱ्यात उशीला टेकून बसलेली सहा वर्षांची चिमणी धापा टाकत आईकडे आणि आत्याकडे आळीपाळीने बघत होती, आणि ओल धरलेल्या भिंतीचे पोपडे तिच्या अंथरुणावर गळत होते.

"अक्का, शब्द मागे घे," भाऊ म्हणाला.

"मुळीच नाही! या घरात एक तर ही राहील, नाहीतर मी!"

"मग तूच जा! जा, आणि पुन्हा या घराची पायरी चढू नकोस!"

हेच तर तिला ऐकायचं होतं... आणि हेच ऐकताना तिचं काळीज फाटलं! आईच्या माघारी ज्याला तिने आपल्या हाताने भरवलं, ज्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचा विचार खुंटीला टांगून ठेवला, तोच आज दाराकडे बोट दाखवत होता. पिशवी तिने रात्रीच भरून ठेवली होती. ती उचलताना तिने फक्त म्हाताऱ्या वडिलांकडे पाहिलं. त्यांना ऐकूच येत नव्हतं. ते आपले हसले.

गृहनिर्माण मंडळ ती जुनी, ओलीने कुजलेली इमारत पाडणार होतं आणि सगळ्यांना नवी घरं देणार होतं. खरोखरची, कोरड्या भिंतींची, ऊन येणारी घरं! पाच माणसांपर्यंतच्या कुटुंबांची घरं बांधून तयार होती. सहा माणसं झाली की नाव मोठ्या घरांच्या यादीत जाणार, आणि मोठ्या घरांचा अजून पायाही खणला नव्हता. आणि या घरात भाऊ, भावजय, त्यांची दोन मुलं, वडील आणि अक्का धरून नेमकी सहा माणसं होती. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, या ओलीतून पोर लवकर बाहेर निघाली नाही, तर हाताला लागायची नाही.

आदल्या दिवशी अक्का मंडळाच्या कार्यालयात सर्वेवाल्या बाईंसमोर बसली होती.

"खोटं लिहून चालणार नाही हं," बाई हळूच म्हणाल्या होत्या. "सही केलीत की खरंच वेगळं राहावं लागेल. घरी विचारलंत?"

"विचारलं तर भाऊ नाही म्हणेल, बाई. आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. उद्या तुमच्यासमोरच गळा काढून बसेल."

बाईंनी कागद पुढे सरकवला. मी स्वखुशीने वेगळी राहत आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. अक्काने सही केली आणि खाली तारीख घातली.

म्हणून ते भांडण... साध्या भांडणाने भावजयीने तिला जाऊ दिलं नसतं, पाय धरून अडवलं असतं. म्हणून तिने शोधून शोधून सगळ्यांत विषारी शब्द काढला होता.

पिशवी घेऊन ती जिन्याखाली थांबली. पाय निघेना! वर सर्वेवाल्या बाई आल्या होत्या. दारासमोर सगळ्यांना उभं करून फोटो काढायचा, अशी मंडळाची रीत होती.

"घरातले सगळे आलात? कुणी राहिलं नाही ना?"

"नाही," भावाचा आवाज आला. "कुणी राहिलं नाही."

अक्काने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती रस्त्याला लागली.

चार वर्षं गेली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरी धूत होती आणि मागच्याच खोलीत राहत होती. त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि दिवसभराच्या वाफेने भिंती कायम पाझरत असायच्या. सुट्टीच्या दिवशी ती नव्या इमारतींसमोरच्या बाकावर जाऊन बसे. एकदा चिमणी मैदानात धावताना दिसली... धावताना! थांबली, हसली आणि पुन्हा धावली. त्या दिवशी अक्काला स्वतःच्या खोकल्याची आठवणसुद्धा झाली नाही.

वडील गेले तेव्हा मात्र तिला कुणी कळवलं नाही. चौथ्या दिवशी धुलाईखान्यातल्या एका बाईकडून समजलं. अक्काने हातातली चादर पिळली, वाळत घातली, आणि मग ती मटकन खालीच बसली.

वडिलांचं नाव कमी करायला भाऊ मंडळात गेला. सर्वेवाल्या बाईंनी फाइल उघडली आणि ते पान समोर आलं. सही अक्काची होती आणि तारीख होती भांडणाच्या आदल्या दिवसाची! तो ती तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिला. त्याला सगळं कळलं.

तिला शोधत धुलाईखान्यात येऊन त्याने ओल्या फरशीवरच तिचे पाय धरले.

"का केलंस गं अक्का? मला एका शब्दाने तरी..."

"ऊठ. पँट भिजतेय तुझी," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं खोकल्यात बुडालं.

भावाने तिला घरी आणलं, तेव्हा नव्या घराच्या दारात भावजय उभी होती. अक्काने हात जोडले. "तो शब्द खोटा होता गं. तोंडाला येईल ते बोलले मी."

"वन्सं..." भावजयीचा स्वर कापत होता. "चार वर्षं मी तो खरा मानला हो! पोर बरी झाली तरी मानला! रोज रात्री तिच्या छातीला कान लावून झोपले... म्हटलं, माझ्याच हातांनी..."

अक्का थिजली. आपण एकटीनेच सोसलं, अशा समजुतीत ती चार वर्षं जगली होती. या बाईच्या उरात आपण काय रुतवून गेलो, याचा तिने कधी विचारच केला नव्हता! दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पण काही गोष्टी रडून धुतल्या जात नाहीत, हे दोघींनाही कळत होतं.

वडिलांच्या जागी आता एक नाव घालता येत होतं. भावाने त्याच दिवशी अर्ज दिला. मंजुरीला दोन महिने लागणार होते, तोवर तिला पाहुणी म्हणून राहायची मुभा होती. इमारतीतच मंडळाचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अक्काला तपासलं आणि तिने खोदून खोदून विचारल्यावर खरं सांगितलं, की महिना निघाला तरी पुष्कळ. घरी तिने सांगितलं, "औषध दिलंय. उतरेल खोकला."

नव्या नावासह पुन्हा फोटो काढायच्या दिवशी सर्वेवाल्या बाई आल्या. भाऊ खुर्ची आणायला शेजारी गेला, तेवढ्यात अक्का त्यांना म्हणाली, "बाई, मंजुरी महिन्याच्या आत नाही ना व्हायची?"

बाईंनी तिच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्या काय ते समजल्या.

"घरच्यांना सांगू नका," अक्का म्हणाली.

"पुन्हा मीच का हो?" बाई पुटपुटल्या आणि कॅमेरा पुसत राहिल्या.

दारासमोर खुर्ची मांडली. अक्काला मधोमध बसवलं. मागे भाऊ, भावजय, थोरला मुलगा उभे राहिले. चिमणी जिने चढून धावत वर आली आणि आत्याच्या गालाला गाल लावून उभी राहिली. तिचा श्वास अक्काच्या कानाशी होता. मोकळा, स्वच्छ, कुठेही न अडकणारा श्वास!

"घरातले सगळे आलात?" बाईंचा आवाज चिरकला. "कुणी... कुणी राहिलं नाही ना?"

भावाने अक्काच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही बाई," तो अभिमानाने, मोठ्याने म्हणाला, "आता कुणी राहिलं नाही."