लाल गाडीतली कुल्फी

पैज लागली ती कुल्फीवरून, आणि तोंड उघडलं होतं मीच.

सन २०६३ चा मे महिना. सावद्यात पारा शेहेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता. आमच्या गल्लीतले बेंडाळे गुरुजी संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्या गाडीकडे बघत होते आणि जीभ टाळ्याला लावून च्यक च्यक करत होते. गाडी म्हणजे माझी लाल, बसकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. वय अडतीस वर्षं. केळीच्या खोडातून काढलेल्या इंधनावर अजून वाघासारखी पळते. फक्त तिचा एसी मेला होता, आणि गुरुजींना ते पुरतं ठाऊक होतं.

गुरुजी म्हणाले, मुरलीभाऊ, ही गाडी नव्हे, ही भट्टी आहे. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा. ते म्हणाले, रविवारी काय होणार? आणि मी, अक्कल गहाण ठेवून, बोलून गेलो, "रविवारी भर दुपारी गाडीत कुल्फी ठेवतो. स्टँडवरून निघतो, फैजपूरला वळसा घालून अर्ध्या तासाने परत स्टँडवर येतो. ताटलीत एक थेंब पडला तर हरलो."

हरणाऱ्याने काय करायचं हे गुरुजींनी ठरवलं. स्टँडवर, भर उन्हात, स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालायची आणि तिखटजाळ शेवभाजी खायची. ते एवढ्या पटकन बोलले की त्यांनी हे बऱ्याच दिवसांपासून मनात घोळवलं असावं. मागच्या दिवाळीत मी त्यांच्या घराच्या बोलक्या दाराला शिंकायला शिकवलं होतं. पाहुणा आला की दार आधी शिंकायचं, मग नाव विचारायचं. ते दुखणं अजून ओलं होतं.

पैजेचं मला फारसं काही नव्हतं. पण त्याच रविवारी स्टँडवर उन्हाळी तपासणी होती. हल्ली नियमच आहे, पंचेचाळीसच्या वर पारा गेला की ज्या गाडीत आतली हवा पंचवीसच्या खाली येत नाही ती रस्त्यावर आणायची नाही. माझ्या गाडीला दोनदा मुदत मिळाली होती. तिसऱ्यांदा नापास झाली की थेट भंगारात. बाबांनी घेतलेली गाडी. तिच्यात बसून मी गिअर टाकायला शिकलो. ती कापलेली मला बघवली नसती, हे मी गुरुजींना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी भाची तेजल, वय वर्षं अकरा, सुट्टीला आलेली, गाडीत बसून घामाघूम होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, मला एक कळत नाही. गरम चहा आपोआप गार होतो, गार चहा आपोआप गरम होत नाही. म्हणजे उष्णता जास्त गरमाकडून कमी गरमाकडे जाते. मग बाहेर शेहेचाळीस असताना आतल्या पंचविसातली उष्णता बाहेर जातेच कशी? ती उलटी कशी चालते?"

मी म्हटलं, बाई, त्यात गॅस असतो, गॅस थंडी तयार करतो, गॅस संपला की भरायचा. फिरत्या एसीवाल्याकडून मी तीनदा भरूनही घेतला होता. दहा दिवस थंड, मग पुन्हा भट्टी. तिसऱ्या वेळी तर मी हट्टाने म्हटलं, अजून थोडा टाक, होऊ दे खर्च. तर पहिल्या दिवसापासूनच कोमट वारा.

हे ऐकून ओसरीवरून सिंधूआत्या ओरडल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. आमच्यात ते ओरडण्यापेक्षा वाईट. आत्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर त्यांनी केळी पिकवायच्या थंड खोल्यांची यंत्रं सांभाळली. त्या तीन महिने हैदराबादला लेकाकडे होत्या, कालच परतल्या होत्या, आणि मी त्यांच्या पाठीमागे काय काय केलं ते आता बाहेर येत होतं.

"थंडी नावाची वस्तूच नसते रे मुरली," त्या म्हणाल्या. "असते ती फक्त उष्णता. ती निघून गेली की आपण म्हणतो थंड झालं."

मग त्यांनी तेजलच्या मनगटावर स्पिरिटचा एक थेंब टाकला आणि फुंकर मारली. तेजल म्हणाली, गार लागतंय. आत्यांनी सांगितलं की स्पिरिट उडून जाताना, म्हणजे द्रवाचा वायू होताना, त्याला उष्णता लागते, आणि ती ते तुझ्या कातडीतून उचलतं. गाडीतला गॅसही तसाच. तो हमाल आहे. केळीच्या बागेत हमाल घड खांद्यावर घेतो, ट्रकपाशी टाकतो आणि रिकामा परत येतो, तसा हा आतली उष्णता उचलतो, बाहेर टाकतो, परत येतो. तो नळीतच फिरतो, संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी पळालाय.

तेजलचा प्रश्न तसाच होता. बाहेर एवढं तापलेलं असताना तो उष्णता टाकतो कशी?

आत्यांनी तिला सायकलचा हातपंप आणायला लावला, पंपाच्या तोंडावर बोट दाबून वीस वेळा पंप मारायला सांगितला आणि मग पंपाच्या बुडाला हात लाव म्हणाल्या. तेजलने हात झटकन मागे घेतला. दाबली की हवा तापते. गाडीत ते काम कॉम्प्रेसर (वायू दाबणारा पंप) करतो. तो गॅसला दाबून दाबून सत्तर अंशांवर नेतो. आता सत्तरवाल्या गॅसला शेहेचाळीसची हवा गारच की. मग पुढच्या बाजूला कंडेन्सर (उष्णता बाहेर सोडणारी जाळी) असते, तिथे गॅस आपलं ओझं टाकतो आणि पुन्हा द्रव होतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (दाब एकदम सोडणारी अरुंद तोटी). तिच्यातून सुटला की दाब पडतो, गॅस एकदम गार होतो, आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपरेटरमध्ये (आतली उष्णता उचलणारी जाळी) जाऊन पुन्हा खांदा लावतो.

"म्हणजे उष्णता उलटी चालतच नाही," तेजल म्हणाली. "ती दोन्ही वेळा गरमाकडूनच गाराकडे जाते. आपण फक्त हमालाला एकदा गार करतो, एकदा गरम."

आत्यांनी तिला अर्धी सुकेळी दिली. सुकेळी म्हणजे वाळवलेलं पिकं केळं, आमच्याकडचं बक्षीस. मला काही दिलं नाही. मला एवढंच सांगितलं की बैलगाडीवर पन्नास हमाल बसवले तर काम वाढत नाही, गाडीच अडते. जास्तीचा गॅस भरून मी नेमकं तेच केलं होतं.

आता गळती शोधायची. सोपं काम, असं मला वाटलं होतं. गुरुवारी मी आणि तेजलने प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. गळत असेल तिथे बुडबुडा यायला पाहिजे. एकही आला नाही. शुक्रवारी पुन्हा लावलं. माझी पाठ मोडली, साबण डोळ्यात गेला, गाडी एवढी बसकी की खाली शिरायला माणूस पापडासारखा हवा. गुरुजी तासातासाने येऊन विचारायचे, मुरलीभाऊ, माकडटोपी तुमच्या मापाची बघून ठेवू का? आणि वर आमचा लख्या. लख्या म्हणजे गल्लीचा सफाईयंत्रमानव. त्याच्या चपट्या हाताने तो माझ्या डोक्याखालची फरशी पुसत होता, मी तिथे आडवा असताना.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाना आपटला आणि जाहीर केलं की गॅस भुताने नेला.

तेजल मात्र गाडीखाली टॉर्च मारून पडून राहिली होती. तिथूनच तिने विचारलं की कॉम्प्रेसरला तेल कोण देतं? आत्या म्हणाल्या, गॅसच. त्याच्यात थोडं तेल मिसळलेलं असतं, फिरता फिरता तो सगळीकडे लावत जातो.

"मग गॅस पळाला तिथे तेलही बाहेर आलं असणार. तेलावर आपल्या गावची धूळ बसणारच. काळा डाग दिसायला पाहिजे. पण मामा, ही गाडी खालून जेवणाच्या ताटासारखी चकचकीत आहे. अशी कशी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण आमच्याकडे पद्धत आहे, गाडी मेकॅनिकला दाखवायची तर आधी धुऊन पुसून न्यायची. मुलगी बघायला आलेत अशी. लोक काय म्हणतील? आणि रोजच्या पुसण्याचं काम मी लख्याला लावून दिलं होतं, खालून वरून, मोठ्या कौतुकाने.

तेजलने त्याला विचारलं, लख्या, गाडीखाली तुला कधी डाग सापडला का?

"होय ताई," लख्या म्हणाला. "कॉम्प्रेसरच्या पुढच्या चाकामागे एक तेलकट डाग. रोज सकाळी. आजवर एक्केचाळीस वेळा पुसला."

मी त्याला विचारलं की गाढवा, मी इथे दोन दिवस साबण चाटतोय, तू बोलला का नाहीस? तो अत्यंत नम्रपणे म्हणाला की माझ्या नोंदीत डाग म्हणजे घाण आहे, बातमी नव्हे, आणि मला कुणी विचारलं नाही. मला त्याला एक लाथ घालावीशी वाटली, पण पाय माझाच दुखला असता.

चाकामागे कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर येतो, तिथे एक रबरी कडी असते. सील म्हणतात तिला. दांडा फिरतानाच गळायचं, म्हणून उभ्या गाडीला बुडबुडा येत नव्हता. आणि ती कडी का फाटली? आत्यांनी विचारलं, गाडी बाहेर कधी काढतोस? मी म्हटलं, जपून वापरतो. दसऱ्याला पूजा, झेंडूचा हार, गल्लीतून एक चक्कर, मग वर्षभर कापडाखाली. हे रोज चालवून बघणं या उन्हाळ्यातलंच, तपासणीच्या धाकाने. आत्यांनी पुन्हा चष्मा पुसला. एसी चाललाच नाही तर गॅस फिरत नाही, तेल पोचत नाही, रबर वाळतं आणि तडकतं. जपून जपून मीच तिला मारत आणलं होतं.

शनिवारी सकाळपासून आम्ही कामाला लागलो. उरलेला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेतला, कारण तो मोकळा सुटला की आभाळ तापवतो. गावातल्या छापघरात हवी ती वस्तू छापून मिळते, तिथून मापाची नवी कडी आणली. आत्यांनी बसवली, मी पाना धरला आणि शिव्या खाल्ल्या. मग पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून काढली आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला, गाडीवरच्या चिठ्ठीत लिहिलाय तेवढाच. मी म्हटलं, थोडा जास्त? आत्यांनी सिलिंडर माझ्या हातापासून लांब सरकवला.

रविवारी दुपारी बारा. स्टँडवर अर्धं सावदं. गुरुजींनी स्वतःच्या हाताने कुल्फी ताटलीत ठेवली. तेजल शेजारी बसली, कुल्फी एसीच्या वाऱ्यापुढे धरून. गाडी निघाली आणि असा वारा सुटला की मला मागच्या डिसेंबरची आठवण झाली. फैजपूरला वळसा घेताना मी गाणं म्हणत होतो.

परत आलो. तपासणीवाल्या बाईंनी आत यंत्र धरलं. एकोणीस अंश. त्यांनी काचेवर हिरवा शिक्का मारला. बाबांची गाडी वाचली. मी दोन्ही हात वर केले.

"ताटली," गुरुजी म्हणाले.

ताटलीत कुल्फी होती. कुल्फीभोवती तळंही होतं.

मी तेजलकडे बघितलं. ती म्हणाली, मामा, एसीच्या तोंडाशी वारा सात अंशांचा होता. कुल्फी शून्याच्या खाली असते. सात अंशांचा वारा आपल्याला थंडी, पण कुल्फीला उन्हाळी झळच. उष्णता वाऱ्याकडून तिच्याकडे जाणारच. आणि गाडीचा एसी शून्याच्या खाली नेतही नाहीत, नाहीतर आतल्या जाळीवर बर्फ धरतो आणि वाराच अडतो.

"तुला हे कधी कळलं?"

"गुरुवारी. आत्याआजीला तर पैज ऐकल्या ऐकल्याच."

आत्या पानाच्या टपरीच्या सावलीत उभ्या राहून लांबवर बघत होत्या. म्हणाल्या, विचारलं असतंस तर सांगितलं असतं. घराण्यात लख्या एकटा नाही, हे मला तेव्हा कळलं.

स्वेटर गुरुजींचा होता, काश्मीरचा. मफलर त्यांनीच बांधला, दोन वेढे देऊन. माकडटोपी खरंच माझ्या मापाची निघाली. शेवभाजीवर तर्री बोटभर. वर त्यांनी एक कलम वाढवलं, मास्तर ते, की धडा तीनदा मोठ्याने म्हणायचा. मी स्टँडच्या मधोमध उभा राहून म्हटलं, थंडी नावाची वस्तू नसते, असते ती फक्त उष्णता, कुठून तरी कुठे तरी निघालेली. तिसऱ्यांदा सगळ्या पोरांनी माझ्याबरोबर म्हटलं. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी होतं, हसून हसून.

तेजल तिकडे नव्हतीच. ती चालू गाडीच्या नाकाशी उकिडवी बसली होती. कंडेन्सरमधून येणाऱ्या गरम वाऱ्यापुढे तिने त्याच ताटलीत, धुऊन, केळ्याच्या चकत्या मांडल्या होत्या. कडा वाळायला लागल्या होत्या. ती आत्यांना विचारत होती की गावातले सगळे एसी मिळून एवढी उष्णता रस्त्यावर फेकतात, ती एका पाइपात गोळा केली तर किती सुकेळी होतील? आत्या नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी पदराच्या गाठीतून पेन्सिल काढली आणि ताटलीची लांबी-रुंदी मोजायला बसल्या.

मी तिसरा घास घेतला. नाकातून, कानातून, टोपीच्या भोकांतून पाणी वाहायला लागलं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लख्या आला. त्याने चपटा हात वर केला, पण पुसलं नाही. आधी सगळ्या स्टँडकडे वळला.

"बातमी," तो म्हणाला. "मुरलीभाऊंच्या कपाळावर गळती आढळली आहे."